बुधवारचा बाजार

आज बर्मिंगहॅमहून ट्रेनने वेल्समधल्या मखन्लेथला जाऊन आलो. नाव नीट लिहिलंय का देव जाणे, आपण ळ चं एवढं कौतुक करतो पण यांच्या वेल्श भाषेतला डबल एल (ll) म्हणजे जीभ टाळ्याला लावून बाजूने फुंकर मारायची, स्टॉलवरच्या आजींनी तीनदा म्हणून दाखवलं, मला काही जमेना, शेवटी हसत हसत 'बारा ब्रिथ'चा (चहात भिजवलेल्या मनुकांचा गोड ब्रेड) एक तुकडा फुकट दिला 😄

इथला बुधवारचा बाजार १२९१ च्या सनदेपासूनचा! अगदी आपला आठवडी बाजार, फक्त कोणी ओरडत नाही. इंग्रजांविरुद्ध उठाव करणाऱ्या वेल्श नेत्याने, ओवेन ग्लिंडूरने, १४०४ ला पार्लमेंट भरवलं ते याच गावात.

मग डोव्ही नदीकडे चालत सुटलो, मेंढ्या, हिरवे डोंगर, बारीक पाऊस... रस्त्यावर मोठ्या अक्षरात 'अराव' लिहिलेलं, म्हणजे हळू. मी जरा जास्तच मनावर घेतलं, परतीची ट्रेन गेली.