बॅगेतला तांब्या

लातूरच्या माणसाला बॅग भरायला शिकवावं लागत नाही. आधी पाणी, मग बाकीचं. गावाला निघताना कुलूप लावायच्या आधी आमच्याकडं तीन गोष्टी बघतात: गॅस बंद केला का, देवापुढचा दिवा विझला का आणि आपण नसताना नळ आला तर टाकी कोण भरून घेणार. आमची कालगणनाच नळावर चालते. "मागच्या नळाच्या दिवशी पाहुणे आले होते" म्हटलं की घरात सगळ्यांना तारीख कळते.

अशा घरात हैदराबादहून लेकीचा निरोप आला, की मे महिन्यात आपण सगळे बोर्निओला जातोय, नदीवर. मलेशियाच्या साबा राज्यात किनाबातांगान नावाची ५६० किलोमीटर लांबीची नदी आहे, तिच्या काठी सुकाऊ नावाचं गाव आहे आणि तिथलं जंगल जीपमधून नाही, होडीतून बघायचं असतं. निरोपाखाली सामानाची यादी होती. यादीच्या डोक्यावर लिहिलं होतं, "बाबा, सध्या तिथं ड्राय सीझन आहे. तरी सगळं भिजणार असं धरूनच भरा."

हे वाक्य मी दोनदा वाचलं. कोरडा ऋतू आम्हाला ठाऊक आहे. २०१६ साली पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती आणि १२ एप्रिलला मिरजेहून १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातुरात आली होती. त्यानंतर टँकरमागे घागरी घेऊन उभे राहणाऱ्यांत आम्ही दोघंही होतो. आणि ही पोरगी म्हणते, कोरडा ऋतू आहे, भिजाल! मग जावयांनी फोनवर समजावलं. आपल्याकडं वर्षाला बरा पाऊस झाला तर ७००-८०० मिलिमीटर. तिथं २५०० ते ३०००. तिथल्या कोरड्या ऋतूत पाऊस दिवसभर मुक्काम करत नाही, दुपारी येऊन जातो, एवढंच. आमच्या हिशेबानं तो मृगच झाला.

यादीतला पहिला झटका कपड्यांचा. सुती नको. आयुष्यभर ज्या सुती सदऱ्यावर लातूरचे उन्हाळे काढले, तोच वर्ज्य! हिला ते अजिबात पटेना. "अहो, त्या नायलॉननं अंगाला घामोळं येईल." कारण ऐकल्यावर मात्र मी निम्मा वळलो. आपल्याकडं ४२ अंशांत हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर ठरत नाही, सदरा ओला करून उडून जातो आणि जाताना गारवा देतो. तिथं पारा ३२ च्या आसपासच, पण हवेतच पाणी भरलेलं; घामाला जायला जागा नाही. भिजलेला सुती सदरा दुसऱ्या दिवशीही ओलाच राहतो आणि तिसऱ्या दिवशी त्याला वास येतो. जीन्सचं तर नाव काढायचं नाही. म्हणून पातळ, पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे, वाळायला हलके असे खेळाडूंचे शर्ट घेतले. पूर्ण बाह्या डासांसाठी. डासांचं मलम यादीत ठळक होतं आणि पुढं सूचना होती की ते बोटांना राहिलं तर घड्याळाचं, दुर्बिणीचं प्लॅस्टिक खातं. जे प्लॅस्टिक खातं ते अंगाला लावायचं, हे हिला सांगितलं नाही.

दुसरी वस्तू लातुरात मिळणार नव्हती. जळूमोजे. आमच्या बाजारपेठेला, गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात, त्यातल्या पाच-सहा रस्त्यांवर मी विचारून पाहिलं. एका दुकानदारानं मला शुगरवाल्यांचे मोजे दाखवले. शेवटी मांजरपाट घेतला आणि आमच्या नेहमीच्या शिंप्याकडं गेलो.

"सर, ह्यो मोजा का पिशवी?"

"मोजा. गुडघ्यापर्यंत. पँटीच्या वरून घालायचा आणि नाडी बांधायची."

"ह्या उन्हात? कुठं जायलाव म्हणावं?"

मी जळवांचं सांगितलं. वीण घट्ट पाहिजे, कारण साध्या मोज्याच्या जाळीतून बारकी जळू आत शिरते. ती चावलेली कळत नाही आणि तिच्या लाळेमुळं रक्त गोठत नाही, त्यामुळं ती पोट भरून निघून गेली तरी मोजा लाल होत राहतो. शिंप्यानं मशीन थांबवून सगळं ऐकलं.

"आमच्या आज्जाच्या टायमाला मांजरेच्या काठाला होत्या म्हणं जळवा. म्हशी लाल होऊन यायच्या. आता नदीतच पाणी न्हाई, जळू काय वाळू पिऊन जगंल?" मग टेप काढून त्यानं माझी पोटरी मोजली, आकडा खडूनं भिंतीवर लिहिला आणि वर सल्ला दिला, "नाडीत तंबाखू भरा चिमूटभर. वर चढायची न्हाई." दोन दिवसांनी चार जोड तयार होते. शिलाई घेतली नाही. जळवेचा फोटो आणायचा, एवढ्या बोलीवर.

मला मात्र एक गोष्ट उशिरा कळली. होडीत जळवा नसतातच. त्या काठावरच्या ओल्या पानांवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट बघतात. म्हणजे चार दिवसांत हे मोजे लागणार होते फार तर दोन तास.

बाकीची यादी पाण्याला बाहेर ठेवण्याची होती आणि इथं माझं डोकं उलटं चालवावं लागलं. आमची सगळी अक्कल पाणी आत ठेवण्यात गेलेली. कुठल्या माठाला पाझर नाही, कोणत्या कॅनचं झाकण घट्ट बसतं, हे मी हात लावून सांगू शकतो. आता पाणी आत येऊ न देणारी पिशवी घ्यायची होती. तिचं तोंड तीन वेळा गुंडाळून मग बक्कल लावायचं. दोनच घड्या घातल्या तर ती साधी पिशवी. मी ती बादलीत बुडवून पाहणार होतो, पण त्या दिवशी नळाला सहा दिवस झाले होते. हिनं बादलीला हात लावू दिला नाही. जोखीम घेऊन तशीच नेली.

कॅमेऱ्यासाठी बुटांच्या खोक्यांतल्या त्या पांढऱ्या पुड्या गोळा केल्या आणि पुरणार नाहीत म्हणून जुन्या पायमोज्यात तांदूळ भाजून भरले. यादीत एक ओळ होती: एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका, अर्धा तास पिशवीतच ठेवा. गार काचेवर दमट हवेचं पाणी धरतं. ही ओळ मी वाचली होती. तरीही पहिल्या सकाळी सहाच्या फेरीला, डोक्यावरून धनेशाची जोडी पंखांचा भात्यासारखा आवाज करत गेली तेव्हा, मी घाईनं कॅमेरा काढला. माझ्या पहिल्या बावीस फोटोंत फक्त धुकं आहे.

दुर्बीण ८ पट मोठं दाखवणारी घेतली. १२ पटीची होती दुकानात, आणि मराठी माणूस त्याच पैशांत जास्त मिळत असेल तर जास्तच घेतो. पण होडी हलते; जेवढी पट जास्त, तेवढं हातातलं थरथरणंही मोठं होतं. १२ पटीतून माकड दिसत नाही, नुसती फांदी नाचते.

आता तांब्या. मी बॅगेचं वजन करायला रद्दीवाल्याचा आकड्याचा काटा मागून आणला होता. बॅग दीड किलो जास्त भरली. उघडून पाहिलं तर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, येसराची म्हणजे आमटीच्या भाजक्या पिठाची पुडी आणि मधोमध स्टीलचा तांब्या. मी काढला. रात्री परत वजन केलं, परत जास्त. तांब्या परत आत, या वेळी त्यात चटणी भरलेली, म्हणजे जागा वाया गेली असं म्हणता येऊ नये.

"अगं, नदीवर चाललोय आपण. तिथं काय पाण्याला भांडं मिळणार नाही?"

"राहू द्या. तुम्हाला काय जड होतंय?"

मी माझी जाडी चादर काढली. तांब्या राहिला.

येसराचं नंतर वाईट वाटलं. ती पुडी दुसऱ्याच दिवशी ओल धरून गोळा झाली. दशम्यांना बुरशी आली. आणि बरोबर नेलेली कडक भाकरी, जी आमच्या आईच्या वेळेपासून महिनाभर कुरकुरीत राहते अशी ख्याती आहे, ती तिसऱ्या दिवशी मऊ पडली. मोडायला गेलो तर वाकली.

सांदाकान शहराहून सुकाऊपर्यंत दोन-अडीच तास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पामची झाडं, एका उंचीची, एका ओळीत. आमच्याकडचा ऊस आठवला. जावई म्हणाले, जंगल तोडून ही लागवड झाली, म्हणून जनावरं नदीकाठच्या उरलेल्या पट्ट्यात दाटली आहेत आणि म्हणूनच ती होडीतून एवढी सहज दिसतात. मांडीवर बिस्किटांचा पुडा होता. मागं बघितलं, पामतेल. जगात सगळ्यात जास्त पामतेल बाहेरून आणणारा देश आपलाच. पुडा संपवला, पण चव गेली होती.

संध्याकाळी चारच्या फेरीला मात्र सगळं विसरलो. लांबनाकी माकडं मुक्कामाला नदीकाठच्या झाडांवर येतात, फांद्या पार पाण्यावर ओथंबलेल्या. नराचं नाक लोंबणारं, पोट सुटलेलं, आणि बसणं अगदी पारावरच्या रिटायर्ड माणसासारखं. मलय भाषेत त्याला ओरांग बेलांदा म्हणतात, म्हणजे डच माणूस. पोट पानं आंबवण्यासाठी असतं म्हणे. हिनं माझ्याकडं बघितलं, काही बोलली नाही. चिखलात एक मगर लाकडासारखी पडली होती. ओरांगउटान दिसला तो फक्त एक तांबडा हात, पानांतून फळाकडं जाणारा.

पण मला सांगायचंय ते खोलीतलं. पहिल्या दिवशी पोचलो, सामान टेकवलं, आणि मी व्हरांड्यातून नदी बघत होतो. शंभर हात रुंद, काठोकाठ, चहाच्या रंगाची. आतून नळाचा आवाज. ही बादली भरत होती. मग टब, मग कचऱ्याचा डबा धुऊन तोही. मी हसलो तर म्हणाली, "परक्या गावचा नळ. कधी जाईल सांगता येतं का?" संध्याकाळी लॉजच्या माणसानं सांगितलं की नदीचं पाणी गढूळ म्हणून इथं छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवून वापरतात, जपून वापरा. हिनं मान डोलावली, जणू आपल्याच पाहुण्यांकडं उतरलोय.

तिसऱ्या दिवशी पहाटे पंप बंद पडला. साडेपाच वाजले होते, सहाला होडी सुटणार. व्हरांड्यावर तोंडाला पेस्टचा फेस आलेली माणसं एकमेकांकडं बघत उभी. शेजारच्या खोलीतलं गोरं जोडपं रिकामी बाटली घेऊन आमच्या दारापर्यंत आलं आणि आतल्या बादलीकडं बघून थबकलं. त्यांच्यामागं आणखी चौघं.

ही पदर खोचून दारात आली. हातात तांब्या. चटणी कधीच संपली होती आणि तो घासूनपुसून लख्ख केलेला.

"रांगेत या," ती मराठीत म्हणाली. "एकाला एकच."