नाव लिहू नका

कोविडच्या साथीमुळे पुण्यात १४ जुलै २०२० पासून दहा दिवसांची टाळेबंदी पुन्हा लागू झाली, त्याच्या तिसऱ्या दिवशी घडलेला हा प्रसंग आहे. मी बावीस वर्षे एका सरकारी दवाखान्यात आरोग्यसेविका म्हणून काम करते. भवानी पेठेतील ज्या वस्तीत त्या दिवशी आमचे घरोघरचे सर्वेक्षण होते, तिथल्या निम्म्या मुलांना पोलिओचे डोस मीच पाजले आहेत. एरवी मी गल्लीत शिरले की बायका आपण होऊन हाक मारत. कोणाला रक्तदाब मोजून हवा असे, कोणाच्या सुनेचे दिवस भरत आलेले असत. मार्चनंतर मात्र तोंडावरची मुखपट्टी आणि हातातली नोंदवही दिसताच दारे लोटली जाऊ लागली, आणि सत्तर घरांपैकी सत्तर घरांतून एकच उत्तर येऊ लागले, "आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत."

या उत्तराला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी मी तेव्हाही वाद घातला आहे. रुग्ण सापडला की गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकले जात, दारावर कागद चिकटे, आणि रोज कमावून खाणाऱ्या दहा-बारा घरांची चूल एका नोंदीमुळे अडचणीत येई. घरीच विलग राहायचे तर रुग्णाला स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र शौचालय हवे, असा नियम होता. तो वैद्यकीयदृष्ट्या योग्यच होता; पण जिथे दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे झोपतात आणि शौचालय सगळ्या गल्लीचे मिळून एक असते, तिथे त्या नियमाचा अर्थ घर सोडून विलगीकरण केंद्रात जाणे एवढाच उरत होता.

साडेअकराच्या सुमारास मी ज्या दाराशी थांबले, त्या घरातल्या बाईच्या दोन्ही बाळंतपणांच्या नोंदी माझ्या हातच्या आहेत. ती कॅम्पमधल्या एका सोसायटीत चार घरची धुणीभांडी करते. मार्चमध्ये बंद झालेली कामे तिला नुकतीच पुन्हा मिळाली होती. उंबऱ्यावर उभी राहून तिने दोन्ही हातांनी चौकट धरली होती. "ह्यांना थोडी कणकण होती, उतरली आता," ती म्हणाली. तिच्या खांद्यावरून मला आतला माणूस दिसला. तो भिंतीला टेकून बसला होता. टिंबर मार्केटमध्ये हमाली करणारा, अंगाने भक्कम असा तो गडी मला बघून हसला आणि हात वर करून त्याने आपण बरे असल्याची खूण केली.

लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजायला आम्हाला शिकवलेले असते. ती सवय इतकी अंगात मुरली आहे, की समोरच्याशी बोलता बोलता माझी नजर त्याच्या छातीवर जाते. मी घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजले. बनियनखाली छाती बत्तीस वेळा वर-खाली झाली. मोठ्या माणसाचे श्वास एरवी मिनिटाला बारा ते वीस असतात.

मी आत जाऊ लागले तेव्हा तिने माझ्या नोंदवहीवर हात ठेवला. "सिस्टर, पाया पडते, नाव लिहू नका. कामं जातील माझी. अख्ख्या गल्लीतल्या बायकांची जातील."

त्या क्षणी माझ्या मनात १८९७ ची प्लेगची साथ आली, हे मी प्रामाणिकपणे सांगते. याच शहरात तेव्हा गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेत आणि लोक आजारी माणसे दडवून ठेवत. त्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळ्यांत झाला. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुल्यांना प्लेग झाला आणि त्याच वर्षी १० मार्चला त्या गेल्या. २०२० मध्ये आम्ही ज्या साथरोग कायद्याच्या आधारे दारे ठोठावत होतो, तोही १८९७ चाच होता. हातात नोंदवही घेऊन मी त्या उंबऱ्यावर उभी होते, तेव्हा त्या बाईला मी कोण वाटत असेन, हा प्रश्न मला फार टोचला.

मी नोंदवही मिटून तिच्याच हातात दिली आणि म्हटले, "ही तू धर. मला आधी दादांचे बोट बघू दे." पावसाळी हवेने त्याची बोटे गार पडली होती आणि ओझी उचलून कातडी राठ झाली होती, त्यामुळे रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या ऑक्सिमीटरवर आकडाच उमटेना. मी त्याचा हात दोन्ही तळव्यांत धरून चोळला आणि मधले बोट लावले. आकडा ८३ वर स्थिरावला. दुसऱ्या हाताचे बोट लावले, तर ८२. आम्हाला ९४ च्या खाली गेलेल्या माणसाला रुग्णालयात पाठवण्याची सूचना होती. आणि हा माणूस मला सांगत होता, "मला काही होत नाही सिस्टर, नुसता थकवा आहे." कोविडमध्ये रक्तातला प्राणवायू इतका उतरूनही काही रुग्णांना धाप जाणवत नाही, हे आम्ही प्रशिक्षणात ऐकले होते; मी ते समोर पाहत होते.

मी तिला यंत्रावरचा आकडा दाखवला. माझ्या बोटाला लावून ९८ दाखवला, तिच्या बोटाला लावून ९६ दाखवला आणि पुन्हा त्याचा दाखवला. ती काही बोलली नाही. तिने नोंदवही उघडून माझ्यासमोर धरली.

रुग्णवाहिका आणि खाट मिळायला साडेतीन तास लागले. त्या साडेतीन तासांबद्दल मला आजही राग आहे. माझ्याजवळ प्राणवायू नव्हता, म्हणून छातीखाली आणि कमरेखाली गोधड्यांच्या घड्या घालून मी त्याला पालथे झोपवले, कारण तसे झोपल्यावर फुप्फुसांचा पाठीकडचा भाग मोकळा होतो. अर्ध्या तासाने आकडा ८८ वर आला. त्याची बायको दर पाच मिनिटांनी तो मोठ्याने वाचत होती.

त्याला खाली नेताना समोरच्या माळ्यावरून एक मुलगा मोबाइलवर चित्रीकरण करू लागला. ती पदराने तोंड झाकत होती. मी ओरडून त्याला थांबवले, पण तोवर व्हिडिओ पुढे गेला असावा. कारण संध्याकाळपर्यंत सोसायटीत बातमी पोहोचली होती.

माणूस वाचला. एकोणीस दिवसांनी घरी आला. खरी झुंज तिची झाली. तिचीही चाचणी पॉझिटिव्ह आली होती, पण लक्षणे सौम्य होती आणि दहा दिवसांनी केंद्रातून तिला घरी सोडले. मे २०२० मध्ये बदललेल्या नियमानुसार अशा रुग्णाला घरी सोडताना पुन्हा चाचणी करण्याची गरज नव्हती. संसर्गाचा काळ संपल्यानंतरही विषाणूचे निर्जीव अवशेष चाचणीत कित्येक दिवस दिसू शकतात. सोसायटीला मात्र निगेटिव्ह असल्याचा दाखलाच हवा होता. मी सचिवांना दोनदा फोन केला, नियम वाचून दाखवला. ते सभ्यपणे बोलले आणि "सभासदांची भावना" एवढेच सांगत राहिले. ज्या घरांतल्या ताटांना तिचे हात रोज लागत होते, त्यांपैकी एकाही घरातून ती कशी आहे, अशी चौकशी झाली नव्हती.

ऑगस्टअखेरीस ती दवाखान्यात आली. केंद्रातून मिळालेला कागद तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून जपला होता. "ह्याच्यावर निगेटिव्ह लिहून द्याल का?" तिने विचारले. जी चाचणी झालीच नाही तिचा निकाल मी लिहू शकत नव्हते. मी डॉक्टरांना विनंती केली आणि त्यांनी एका कागदावर नियमाप्रमाणे ती संसर्गमुक्त असून कामावर जाण्यास तिला कोणतीही हरकत नाही, असे मराठीत स्वच्छ लिहून सही-शिक्का दिला. तो कागद चारही घरी गेला. दोघांनी दिवाळीच्या आधी तिला परत बोलावले. उरलेल्या दोन घरांनी कधीच बोलावले नाही आणि मार्चपूर्वीचा राहिलेला पगारही एका घराने दिला नाही. नवरा आता पुन्हा टिंबर मार्केटमध्ये जातो, पण पूर्वीसारखी ओझी त्याला उचलत नाहीत. तो पावत्या लिहायच्या कामावर बसतो.