पात्र घडवताना माझा हात वारंवार जिथे वळतो

प्रत्येकाने एकेक काल्पनिक पात्र निभावत खेळायच्या रोलप्ले खेळात नव्या कॅम्पेनसाठी, म्हणजे अनेक सत्रे चालणाऱ्या कथेसाठी, पात्र तयार करायची वेळ आली, तेव्हा कोरी कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहायचा कागद, पुढे ओढण्याआधी मी माझ्या जुन्या पात्रांचे सगळे कागद आणि टिपणे बाहेर काढली आणि ती दुसऱ्या कोणाची तरी आहेत असे समजून एकापाठोपाठ वाचून काढली. पूर्ण मोकळीक मिळाली की मी नेमके काय निवडते हे एकदा नीट पाहावे आणि त्यातले काय ठेवायचे व काय बदलायचे हे जाणूनबुजून ठरवावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. वाचता वाचता लक्षात आले की जग बदलले, नियम बदलले, सोबतचे खेळाडू बदलले, तरी शीटवरची व्यक्ती बऱ्याच अंशी तीच राहिली आहे.

नावांची सुरुवात बहुतेक वेळा ‘स’ने होते. वय नेहमी माझ्यापेक्षा जास्त असते. व्यवसाय दप्तर सांभाळण्याचा, नकाशे काढण्याचा, औषधे कुटण्याचा किंवा जुन्या लिपी वाचण्याचा, म्हणजे ज्यात माहिती हातात येते पण निर्णय दुसऱ्याने घ्यायचा असतो, असा. आईवडील हयात नसतात, गाव बेचिराख झालेले असते आणि पात्राजवळ एक गुपित असते. डाव्या हातावर कुठेतरी जखमेची खूण असतेच. तिचे कारण प्रत्येक वेळी वेगळे दिले आहे आणि प्रत्येक वेळी ते मला अगदी नवे सुचल्यासारखे वाटले होते.

यातल्या नाव, खूण, कपड्यांचा रंग अशा गोष्टींवर मी फार वेळ घालवला नाही. त्या आवडीनिवडी आहेत आणि त्यांनी कोणाच्या खेळात काही बिघडत नाही. उलट ओळखीचे नाव तोंडात बसले की पात्राचा आवाज लवकर सापडतो, असाच माझा अनुभव आहे. वयाच्या बाबतीत मात्र थोडे थांबावे लागले. पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अगदी नवख्या, पात्राला तीस वर्षांचा प्रवास, दोन युद्धे आणि अनेक राजदरबारांचा अनुभव बहाल करायचा आणि पहिल्याच लढाईत त्याला एका मोठ्या उंदराने लोळवायचे, ही विसंगती माझ्या टिपणांत इतक्यांदा आली होती की गेम मास्टर, म्हणजे कथा चालवणारे, ती इतकी वर्षे निमूटपणे कशी सहन करत आले असतील, याचे मला नवल वाटले.

आकड्यांचा भाग तुलनेने सरळ होता. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला, तेव्हा ताकद, बुद्धी, शहाणपण, चिवटपणा, चपळाई आणि प्रभाव या सहा गुणांसाठी प्रत्येकी तीन फासे टाकून पडेल ते दान त्याच क्रमाने लिहिण्याची पद्धत होती. तीन फाशांची सरासरी 10.5 येते आणि 18 पडण्याची शक्यता 216 मध्ये एक असते, त्यामुळे तुम्हाला विद्वान हवा असला तरी फाशांनी पहिलवान दिला की पहिलवान खेळावा लागे. पुढे चार फासे टाकून सर्वांत लहान दान सोडून देण्याची आणि आकडे हव्या त्या गुणाला लावण्याची मुभा रुळली, ज्यात सरासरी 12 च्या थोडी वर जाते. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत तर फासे न टाकता 15, 14, 13, 12, 10 आणि 8 हे ठरलेले आकडे वाटून टाकण्याची किंवा 27 गुणांच्या अंदाजपत्रकात बसतील तसे आकडे विकत घेण्याचीही सोय आहे. जितकी मोकळीक अधिक तितकी सवयीला जागा अधिक, हे माझ्या शीट पाहताना स्पष्ट दिसत होते. 15 हा आकडा बुद्धीला, 14 शहाणपणाला आणि 8 हा ताकदीला, हे वाटप मी विचार न करता करत आले होते.

म्हणून प्रयोग म्हणून मी जुन्या पद्धतीने, क्रमाने फासे टाकले. ताकदीला 16 आले आणि बुद्धीला 7. आता सवय मोडणार अशी माझी खात्री होती, पण बॅकस्टोरीची, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्याची, पहिली ओळ लिहिताना हाताने लिहिले ते असे: ‘लोक हिला मंद समजतात, पण ती सगळे पाहत असते.’ आकडा बदलला, तरी मागे उभी राहून सर्वांना न्याहाळणारी ती बाई बदलली नव्हती. सवयीचे मूळ आकड्यांत नाही, हे तिथे कळले आणि तो कागद मी बाजूला ठेवला. अलाइनमेंट, म्हणजे कायदा-बंड आणि भले-वाईट यांच्या चौकटीत पात्राचा नैतिक कल ठरवणे, त्याचेही तसेच. नऊ चौकोनांपैकी मी जवळपास नेहमी ‘न्यूट्रल गुड’ घेते, कारण त्यात ना कायद्याला बांधून घ्यावे लागते ना बंडाला. पण तो चौकोन बदलल्याने पात्राच्या वागण्यात फारसा फरक पडेल असे मला वाटले नाही, म्हणून तो विषय मी सोडून दिला.

खरा वेळ गेला तो बॅकस्टोरी आणि स्वभाव यांवर. अनाथ, अबोल, गुपित बाळगणारे पात्र मला इतके का आवडते, हा प्रश्न मी मनाच्या खोलात शिरून सोडवायला निघाले होते, पण उत्तर त्याहून बरेच साधे निघाले. मी रोलप्ले शिकले ते लेखी स्वरूपात. तिथे प्रत्येक जण आपल्या पात्राचे वागणे एकेका परिच्छेदात लिहितो, पुढचा त्याला उत्तर देतो आणि दुसऱ्याच्या पात्राने काय केले हे आपण लिहायचे नाही, हा तिथला पहिला शिष्टाचार असतो. अशा खेळात अबोल पात्र उत्तम चालते, कारण ते बोलत नसले तरी त्याच्या मनातले सगळे निवेदनात येते आणि सोबतचे खेळाडू ते वाचतात. ‘ती काहीच बोलली नाही, पण त्या शिक्क्यावरून तिची नजर हटेना’ असे लिहिले की पुढच्याला धागा मिळतो. तेच पात्र टेबलाभोवती बसून आवाजाने खेळायला घेतले की निवेदन गळून पडते आणि उरते ती केवळ गप्प बसलेली खेळाडू. माझ्या डोक्यात तिच्या मनात वादळे चाललेली असत आणि इतरांना वाटे की मी कंटाळले आहे.

अनाथपणाचेही कारण त्याच घडणीत सापडले. लेखी खेळात आई, भाऊ किंवा जुना मालक अशी माणसे पात्राला दिली की ती कोणीतरी खेळावी लागतात. तितके हात मोकळे नसतात, म्हणून सगळे नातेवाईक कथेच्या आधीच मेलेले असणे सर्वांच्या सोयीचे असते. टेबलावर मात्र गेम मास्टर बसलेला असतो आणि अशी माणसे खेळवणे हेच त्याचे काम असते. ज्याला कोणी नाही, ज्याचे कोणाला देणे नाही आणि ज्याचे गाव आधीच जळून गेले आहे, अशा पात्राकडून त्याने काय हिरावून घ्यायचे आणि कशाचे आमिष दाखवायचे? माझी पात्रे दुःखी होती, पण त्यांच्या दुःखाला गेम मास्टरला धरता येईल अशी कडी कुठेच नव्हती.

गुपिताची गोष्ट याहून गमतीची आहे. मी गुपिते फार मन लावून रचते. पण जे गुपित शोधायला कोणालाच कारण नाही, ते कथेत नसल्यासारखेच असते, आणि माझी पात्रे आपले गुपित इतके चोख सांभाळत की कॅम्पेन संपले तरी ते उघडत नसे. ज्या नियमावल्यांत उणिवा घेतल्या की बदल्यात गुण मिळतात, उदाहरणार्थ 1986 चा ‘गर्प्स’, तिथेही मी ‘जिज्ञासू’ आणि ‘गुपित बाळगते’ अशाच उणिवा घेतल्या होत्या. गुण पदरात पडत, आणि गुपित पुरते झाकलेले असल्याने त्या उणिवेची किंमत मोजण्याची पाळी सहसा येत नसे.

एवढे हाती लागल्यावर नव्या पात्रासाठी मी एकच कसोटी ठेवली: शीटवरची प्रत्येक गोष्ट माझ्याखेरीज आणखी कोणाला तरी काही करायला लावते का? ज्या गोष्टी या कसोटीला उतरल्या नाहीत पण निरुपद्रवी होत्या, त्या आवड म्हणून राहू दिल्या. नाव सेवरा ठेवले. दप्तराचे कामही ठेवले, पण ते जुन्या ग्रंथांचे न ठेवता जकात नाक्यावरच्या हिशेबाचे केले, कारण ग्रंथपालाकडे कोणी भांडायला येत नाही आणि जकात घेणाऱ्याकडे मात्र रोज येतात. वय चाळिशीच्या आत आणले. मोठा भाऊ जिवंत ठेवला, कर्जबाजारी आणि बोलण्यात गोड. तिच्या गुपिताची, म्हणजे भावाचा माल तिने खोटी नोंद करून नाक्यावरून सोडला याची, साक्षीदार असलेली एक व्यक्ती ठरवून टाकली, आणि ती व्यक्ती पार्टीतलीच, म्हणजे आम्हा खेळाडूंच्या पात्रांपैकीच, कोणीतरी असावी अशी अट स्वतःला घातली.

ही अट एकटीने पाळता येणारी नव्हती. त्यामुळे खेळ सुरू होण्याआधी सर्वांनी मिळून बोलण्याची जी बैठक असते, तिला मी पूर्ण बॅकस्टोरीऐवजी अर्धी घेऊन गेले. पूर्वी मी पानेच्या पाने लिहून नेत असे आणि ती वाचून लोक सौजन्याने मान डोलावत. या वेळी जागा रिकाम्या असल्यामुळे त्या भरायला हात पुढे आले. एकाने सांगितले की त्याचा भाडोत्री सैनिक त्या रात्री नाक्यावर पहाऱ्याला होता आणि त्याने नोंद पाहिली, पण गप्प राहण्याचे पैसे घेतले. दुसरीने भावाचा सावकार आपल्या पात्राचा मामा करून टाकला. गेम मास्टरने मला एवढेच विचारले, “तू घरी परतली नाहीस, तर सर्वांत आधी कोण चिडेल?” आणि मी उत्तर शोधू लागले, तेव्हा लक्षात आले की माझ्या जुन्या पात्रांपैकी एकालाही या प्रश्नाचे उत्तर देता आले नसते.

माझी गप्प राहण्याची सवयही मी त्याच बैठकीत सांगून टाकली, आणि माझे पात्र बराच वेळ बोलले नाही तर त्यांच्या पात्रांनी तिला नावाने हाक मारून मत विचारावे, अशी विनंती केली. हे थोडे अवघडल्यासारखे होते, पण उपयोगी ठरले. शिवाय शीटच्या वरच्या कोपऱ्यात मी माझ्यासाठी एक नियम लिहिला: सेवराच्या मनात जे येईल ते तिने कोणातरी एकाला प्रश्न म्हणून विचारायचे. ‘या शिक्क्यात काहीतरी खोट आहे’ असे मनात म्हणण्याऐवजी ‘तू असा शिक्का कधी पाहिला आहेस का?’ असे सैनिकाला विचारायचे. निरीक्षण करण्याची माझी आवड त्यात शाबूत राहते आणि समोरच्यालाही संवाद मिळतो.

पहिल्या सत्रात मी तरीही मागेच सरकले. वाटाघाटी चालू असताना सेवरा भिंतीला टेकून उभी राहिली, हे मीच सांगितले आणि सांगताक्षणी हसू आले. सैनिकाने लगेच हाक मारली, “जकातवाली, हिशेब तुला कळतो, बोल की.” त्यानंतर जे बोलणे झाले त्यात सेवराने भर सभेत सावकाराचे व्याज चुकीचे ठरवले, मामाच्या भाचीशी तिचे वाजले, आणि पुढची तीन सत्रे त्या भांडणावर चालली. गुपित तर फारच लवकर फुटले. सैनिकाने दारूच्या भरात ते सांगून टाकले आणि ते कसे, केव्हा उघडावे यावर माझा काहीच ताबा उरला नाही. लेखी खेळातून आलेल्या मला हे सर्वांत जड गेले. आपल्या पात्राची सर्वांत महत्त्वाची घटना दुसऱ्याने, तीही अशा फालतू क्षणी, घडवून आणावी, ही कल्पना पचायला वेळ लागला. पण गुपित फुटल्यावर सेवराला जे करावे लागले, भावाला हाकलणे, खोटी नोंद कबूल करणे आणि सैनिकाचा विश्वास पुन्हा मिळवणे, ते सगळे झाकलेल्या गुपितापेक्षा खेळायला पुष्कळ रसाळ होते.

सगळ्याच सवयी अशा मोडून काढाव्यात असे मात्र माझे मत झालेले नाही. लेखी रोलप्ले मी अजूनही करते आणि तिथे माझी अबोल, अनाथ पात्रे मी मुळीच बदललेली नाहीत. तिथे ती चांगली वाढतात. टेबलावरही पुढचे कॅम्पेन 1981 पासून खेळल्या जाणाऱ्या ‘कॉल ऑफ कथुलू’ या भयकथांच्या खेळाचे ठरते आहे. त्यात पात्रे साधी माणसे असतात, मनःस्वास्थ्याचे गुण सत्रागणिक घटत जातात आणि ग्रंथालयात शोध घेणे हे शीटवर स्वतंत्र कौशल्य म्हणून छापलेले असते. तिथे मी उघडपणे दप्तरखान्यातली बाई घेणार आहे, ताकद कमी ठेवणार आहे आणि डाव्या हातावरची खूणही देणार आहे. तिची आई मात्र जिवंत असेल, त्याच घरात राहत असेल, आणि तिला खेळवताना कोणता आवाज काढायचा याची तयारी गेम मास्टरने आतापासूनच सुरू केली आहे.