उणे दोन

लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर जुनं यंत्र घेऊन गेलात तर सहसा काही अडत नाही. बिजागरी ढिली झालेला, दोन कळा उडालेला लॅपटॉपसुद्धा मुकाट सुरू होतो, वायफाय पकडतो, आवाज काढतो. पंचाईत होते ती नव्याकोऱ्याची. स्क्रीनवरचं पातळ प्लॅस्टिकही अजून सोललेलं नसतं आणि वरच्या पट्टीत वायफायचं चिन्हच नसतं.

चिप आधी बाजारात येते आणि पुष्कळदा तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्राम, मागाहून, हे खरं दुखणं. कर्नलची, म्हणजे हे ड्रायव्हर जिथे असतात त्या लिनक्सच्या गाभ्याची, नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते, पण डेबियनसारखी, लिनक्सचा तयार संच बांधणारी सबुरीची मंडळी एकच धरून वर्षं काढतात. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये ६.१ कर्नल होतं, म्हणजे डिसेंबर २०२२ चं. त्यानंतर जन्मलेल्या चिपला ते कुठून ओळखणार?

मग टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय -nnk' ही यंत्रातले भाग दाखवणारी आज्ञा मारायची. आतल्या प्रत्येक भागाचे दोन क्रमांक दिसतात, एक कंपनीचा, एक वस्तूचा. इंटेलचा क्रमांक ८०८६, म्हणजे त्यांच्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरचंच नाव! असली हौस मला फार आवडते. कार्डाच्या खाली 'ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नसेल तर समजायचं, पाहुणा घरात आलाय पण त्याला पाणी विचारणारं कुणी नाही.

खरी मजा 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलची नोंदवही दाखवणाऱ्या आज्ञेत. यंत्र सुरू झाल्यापासून कोण कधी जागं झालं, कोण रुसलं, सगळं सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत वेळ लावून तिथे लिहिलेलं असतं. इतर ठिकाणी 'काहीतरी बिघडलं आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा' एवढंच सांगून वाटेला लावतात. इथे अमुक नावाची फर्मवेअर फाइल (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) लोड झाली नाही, त्रुटी उणे दोन, असं लख्ख लिहिलेलं. उणे दोन म्हणजे 'फाइल सापडली नाही'. ती जागेवर नेऊन ठेवली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं की बऱ्याचदा काम फत्ते.

पण आणायची कशी? वायफाय चालायला फाइल हवी आणि फाइल उतरवायला वायफाय हवं. फर्मवेअरचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, बहुधा बंद असतो, म्हणून डेबियनने तत्त्वापायी ते वर्षानुवर्षं अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवलं. शेवटी २०२२ मध्ये मतदान झालं आणि १२ पासून ते आत आलं. बरं झालं. तत्त्वं मलाही प्रिय आहेत, पण ती डाउनलोड करायलासुद्धा नेट लागतं. तोवरचा रामबाण उपाय म्हणजे फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला देणं, चालू करणे. कर्नलला फोन म्हणजे एक साधं तारेचं नेटवर्क कार्ड वाटतं, आणि त्याचा ड्रायव्हर आत केव्हाचाच असतो.

माझ्या लॅपटॉपचं वायफाय असंच मार्गी लागलं. पुढे एका कर्नल अपडेटनंतर माइकही आपोआप बोलू लागला. कुणीतरी, कुठेतरी, त्याच चिपसाठी चार ओळी लिहिल्या असणार. बोटाचा ठसा घेणारी पट्टी मात्र ढिम्म आहे. अशा पट्ट्या चालवणाऱ्या 'लिबएफप्रिंट'च्या यादीत तिचा क्रमांक अजून नाही. मी अधूनमधून यादी चाळतो आणि पासवर्ड टाइप करतो.