डाग निघाला, जागा राहिली

"चोर कोण ते ठाऊक आहे ना, मग परत तेच पुस्तक कशाला?" बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी येणारं प्रत्येक जण कधी ना कधी हे विचारतंच, कारण 'द मूनस्टोन' कायम माझ्या उशाशी असतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

विल्की कॉलिन्सची ही हिऱ्याच्या चोरीची कादंबरी १८६८ साली डिकन्सच्या साप्ताहिकातून क्रमशः आली. मी ती पहिल्यांदा वाचली कॉलेजात असताना, मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून आणून. (सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून बडोद्यात वाचनालयं उभी करायला घेतली. त्या पुण्याईवर आमच्या घरच्या तीन पिढ्या वाचत आल्या.) तेव्हा मीही चोराच्याच मागे धावले. दोन रात्रींत पुस्तक संपवलं आणि परत करून टाकलं.

दहाएक वर्षांनी पुन्हा हातात घेतलं, ते चौथ्या प्रकरणातच अडकले. रोझाना ही घरातली मोलकरीण, पूर्वी चोरीपायी शिक्षा भोगून आलेली. भरती पालटताना जिथली वाळू थरथरते अशा एका रुतवणाऱ्या किनाऱ्यावर ती एकटी रडत बसलेली असते. म्हातारा कारभारी बेटरेज तिला शोधत येतो. त्याच्या कोटावरचा तेलकट डाग तिनं आदल्या दिवशी काढून दिलेला असतो. त्या जागेवर बोट ठेवून ती म्हणते, डाग निघाला, पण जागा दिसतेच.

पहिल्या वाचनात वाटलं, बिचारी आपल्या भूतकाळाबद्दल बोलतेय. बोलत असतेच. पण पुढे हिरा चोरीला जातो, दाराच्या ओल्या रंगाला कुणाचं तरी वस्त्र घासल्याचं तपासाला आलेल्या सार्जंट कफला दिसतं, आणि सगळी कादंबरीच एका डागाचा शोध होऊन बसते. हिऱ्यानं त्या घराचा उंबरठा ओलांडण्याआधीच कॉलिन्सनं तो शब्द एका मोलकरणीच्या तोंडी घालून ठेवला होता! शेवट माहीत नसताना हे दिसणं शक्यच नव्हतं.

शिवाय ही गोष्ट एकजण सांगत नाही. कारभारी, वकील, धर्मवेडी मिस क्लॅक, असे एकेक जण आपापली साक्ष लिहितात, आणि अट अशी की ज्याला जेवढं स्वतः ठाऊक, तेवढंच त्यानं लिहायचं. मिस क्लॅकचा मला आधी संताप यायचा. आता तिची गरिबी दिसते, नातेवाइकांच्या दारात तिला मिळणारी वागणूक दिसते.

साक्षीचं मोल बडोदेकराला वेगळं सांगायला नको. कादंबरीनंतर सहाच वर्षांनी, १८७४ मध्ये, बडोद्यातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, रेसिडेंट फेअर, यांच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड घातल्याचा आळ बडोद्याचे राजे मल्हारराव महाराज यांच्यावर आला. सहाजणांच्या आयोगानं त्याच साक्षी ऐकल्या. तिघा इंग्रजांना महाराज दोषी वाटले, तिघा हिंदी सदस्यांना गुन्हा शाबीत झालेला वाटला नाही. महाराजांची गादी मात्र गेलीच. लहानपणी हे घरात ऐकताना मी विचारायचे, "पण खरं काय होतं?" आजी म्हणायची, "कोण सांगतंय ते आधी बघ."

कादंबरीचा शेवट आपल्या गुजरातेत, सोमनाथला होतो. एका रात्रीच्या प्रवासात पोचावं इतकं ते जवळ, तरी तिथपर्यंत पोचायची मला आता घाई नसते. मी त्या वाळूपाशीच रेंगाळते. बेटरेज रोझानाशेजारी बसलेला असतो. तो भला माणूस आहे, तिला मुलीसारखं वागवतो. त्यानं अजून एकच प्रश्न विचारावा असं दर वेळी वाटतं. तेवढ्यात टेकाडांकडून कुणीतरी त्याला हाक मारतं, रोझाना दचकून उठते, मालकिणीच्या भाच्याला, फ्रँकलिन ब्लेकला, पाहून लाजून लाल होते, आणि तो प्रश्न राहून जातो.