सुरत कशामुळे बदलली

इंदूरच्या जोडीनं सुरत स्वच्छ सर्वेक्षणात पहिली आली, तेव्हापासून शहाद्याकडचे नातेवाईक विचारतात, तुमच्याकडं हे जमलं कसं? माझं उत्तर एकच: आधी भीतीनं, मग पैशानं. झाडांची हौस फार नंतरची.

भीती मी पाहिली आहे. वडील इथं लूमवर होते. सप्टेंबर 1994 मध्ये प्लेगची बातमी पसरली आणि बघता बघता लाखो माणसांनी शहर सोडलं. आम्हीही ताप्ती लाइनची गाडी पकडून नंदुरबार गाठलं. घाणीपायी धंदा बुडतो, हे शेठ लोकांना तेव्हा कळलं. 1995 मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना केबिनमधून उठवून रोज वस्त्यांत उतरवलं. 1996 मध्ये इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेनं सुरतला चंदीगडखालोखाल देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरवलं. मग 2006 चा पूर. ताप्तीवरच्या उकाई धरणाचं पाणी सुटलं आणि बहुतेक शहर बुडालं. पुढं पुराची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा उभी राहिली, त्या कामात इथलं चेंबर ऑफ कॉमर्स, म्हणजे व्यापारी-उद्योजकांची संघटनाही होती.

पैशाचं काय ते मला रोज दिसतं. मी पांडेसऱ्यात एका डाईंग मिलची लॅब सांभाळतो. कापड आधी धुवायचं, जेट मशीनमध्ये रंगवायचं, पुन्हा धुवायचं. सगळा खेळ पाण्याचा. पाणी जड असलं की रंगाची छटा फिरते, डाग पडतात, अख्खा लॉट परत काढावा लागतो. 2014 पासून महापालिका बमरोलीला शहराचं सांडपाणी शुद्ध करते, आरओमधून काढते आणि दिवसाला 4 कोटी लिटरपर्यंत पाणी इथल्या मिलना विकते. ताज्या पाण्यापेक्षा स्वस्त, आणि रंगाला चालणारं. मिलचं भागतं, पालिकेला उत्पन्न मिळतं, तेवढं पाणी पिण्यासाठी राहतं. आमच्या शहरातलं सगळ्यात हिरवं काम मला हेच वाटतं, मग तिथं एकही बाग नसली तरी चालेल.

मिलच्या धुराच्या चिमण्यांचंही तसंच. 2019 पासून इथं बॉयलरच्या धूलिकणांवर एकूण मर्यादा आहे आणि धूळ सोडण्याच्या परवान्यांची खरेदी-विक्री चालते. चिमणीला मीटर लागलेला असतो. कमी सोडलं तर उरलेला परवाना विकता येतो, म्हणून फिल्टरची देखभाल होते.

आता अडतं कुठं, तर लिंबायतकडं पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात लूम चालवणाऱ्या माणसापाशी. त्याची तगमग कुणाच्याच वहीत खर्च म्हणून लागत नाही. त्यासाठी पुन्हा एका 1994 ची वाट का पाहायची? शेडमधलं तापमान मोजून नोंदवणं सक्तीचं करा, आणि ठरलेल्या अंशावर पारा गेला की पगार न कापता पाळी थांबवा. एवढं झालं की छताला पांढरा रंग मारायला शेठ स्वतःच माणूस बोलावतील.