शेज आणि तिरडी एकाच गोदामात : आमची वाटचाल

नाटकाचं सामान भाड्याने देणाऱ्याच्या यादीत लग्नाचं एकीकडे असतं आणि मयताचं दुसरीकडे. शेले, मुंडावळ्या, बाशिंगं या फळीवर. पांढरं कापड, मडकं, बांबू त्या कोपऱ्यात. सदाशिव पेठेतल्या एका खोलीत आमचीही सुरुवात याच वाटणीने झाली. शोकांतिका करणाऱ्या मंडळींना सामान पुरवता पुरवता ती वाटणी मोडली. या नाटकांत वासनेला वेगळी आणि मरणाला वेगळी प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरचं सामान, लागतच नाही. वस्तू एकच असते, अंकागणिक तिचं काम बदलतं. दोन्ही कामांना पुरेल अशी ती बनवायची, हाच पुढे आमचा धंदा झाला.

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'च्या चौथ्या अंकात नायिका डेस्डिमोना तिच्या सोबतिणीला, एमिलियाला, सांगते, पलंगावर माझ्या लग्नाच्या चादरी घाल. मग म्हणते, मी तुझ्याआधी मेले तर यातल्याच एकीत मला गुंडाळ. देवलांचं रूपांतर 'झुंजारराव' करा नाहीतर मूळ नाटकाचं नवं भाषांतर, शेवटचा अंक पलंगाचाच; तिथेच नवरा तिला गुदमरवून मारतो. मागणी मात्र नेहमी चकचकीत सॅटिनची येते. सॅटिन प्रेमप्रवेशात छान दिसतं, पण मेल्यावर दगा देतं. त्याची चकाकी श्वासागणिक हलते आणि 'प्रेत' जिवंत असल्याचं दहाव्या रांगेतूनही कळतं. म्हणून वर सॅटिनचा पलंगपोस, जो नायिका स्वतःच्या हाताने काढते, आणि खाली बिनचकाकीची जाड सुती चादर देतो. मरायचं ते सुतीवर.

पलंग ६ फूट बाय साडेतीन फूट, १८ मिलीमीटर प्लायचा. पुढचे पाय १४ इंच, मागचे १८. हा उतार नसेल तर पुढच्या रांगांना आडव्या माणसाचे फक्त तळवे दिसतात. उताराबरोबर घसरण आलीच. ब्लॅकआऊट होईपर्यंत नायिका हळूहळू प्रेक्षकांकडे सरकत राहते. कपाटाच्या खणात घालतात ती जाळीची रबरी मॅट चादरीखाली अंथरली की हा प्रश्न मिटतो. गादी २ इंचांचीच ठेवावी, जाड फोममध्ये चेहरा बुडतो. गुदमरवण्याच्या उशीत मधोमध वीतभर जागा जवळजवळ रिकामी ठेवतो आणि अभ्रा मलमलचा घालतो. नटाचं वजन कोपरांवरून प्लायवर जायला हवं, उशीवर बिलकुल नाही. हे तालमीत बसवायचं. रंगीत तालमीपर्यंत ढकलू नये.

स्पॅनिश नाटककार लोर्काचं १९३३ साली माद्रिदमध्ये पहिल्यांदा झालेलं 'रक्तलग्न' करायचं ठरवून एखादा गट येतो, तेव्हा पहिली मागणी रक्ताची असते. दोन लिटर, कधी तीन. आम्ही आधी संहिता उघडायला सांगतो. त्यात वधूचा नवरा आणि तिचा प्रियकर एकमेकांना मारतात, पण विंगेत. प्रेक्षकांना ऐकू येतात दोन लांब किंकाळ्या. मग भिकारणीच्या रूपात आलेलं मरण पाठमोरं उभं राहून पक्ष्यासारखा झगा पसरतं. म्हणजे खर्च करायचा तो झग्यावर. अर्धगोल, साडेचार फूट त्रिज्या, ४४ इंच पन्ह्याचं कापड साधारण साडेचार मीटर. जॉर्जेट तरंगतं, म्हणून जड क्रेप. काठाला गळाच्या शिशाच्या गोळ्या, मिळून पाव किलो, प्रत्येक गोळी वेगळ्या खिशात. एकाच नळीत भरल्या तर किंकाळीनंतरच्या शांततेत खुळखुळा वाजतो.

याच नाटकातल्या वधूचा लग्नाचा पोशाख काळा आहे, लेखकानेच तसं लिहिलंय. डोक्यावर संत्र्याच्या फुलांचा मेणाचा मुकुट. लाल शालूची गळ घालणाऱ्यांना आम्ही शांतपणे काळाच पोशाख देतो. तिसऱ्या अंकात ती त्याच कपड्यांत प्रियकराबरोबर रानात पळते आणि चंद्र त्यांच्यावर उजेड पाडतो. ज्या उजेडात प्रेमिकांची ओढ दिसते, त्याच उजेडात पाठलाग करणाऱ्यांना ते सापडतात. हा उजेड निळा घेतला तर काळ्या पडद्यापुढे काळा झगा नाहीसा होतो आणि नुसतं मुंडकं तरंगतं. दोन्ही विंगांतून खांद्याच्या उंचीवर आडवा उजेड आणि झग्याच्या कडेला करडी लेस, एवढ्याने आकृती सुटून दिसते. निळ्यात लाल काळं पडतं, हेही आधीच सांगतो. हॅलोजनपुढच्या निळ्या जेलमधून, म्हणजे दिव्यापुढे लावायच्या रंगीत फिल्टरमधून, थोडा तांबडा झिरपायचा. एलईडीच्या निळ्यात तोही नाही, त्यामुळे रक्त डांबर वाटतं. मेणाचा मुकुट दिव्यांखाली मऊ होतो, मोगरा तपकिरी पडतो. भेंडाची फुलं सगळ्यांत टिकाऊ.

रक्त लागतंच तिथे दोन प्रकारचं देतो. तोंडात घ्यायचं: २०० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, ४० मिली कोमट पाणी, खायचा लाल जेल रंग अर्धा चमचा, एक चमचा कोको आणि निळ्याचा एकच थेंब. कोको आधी पाण्यात कालवून घ्यावा, नाहीतर गुठळ्या ओठांवर दिसतात. कपड्यांवरच्या रक्तात ग्लुकोजऐवजी बिनरंगाचा भांड्यांचा लिक्विड साबण; ते डोळ्यांत, तोंडात जाता कामा नये. गोड रक्ताला ग्रीनरूममध्ये मुंग्या लागतात आणि स्टेजवर पुढच्या नटाचा पाय चिकटतो. लाल रंगाचं एवढं नाजूक का, असं कुणी विचारलं तर तेंडुलकरांचं 'गिधाडे' आठवावं. साडीवरच्या लाल डागाला सेन्सॉरची हरकत होती, म्हणून तो निळा करावा लागला.

'रक्तलग्ना'च्या शेवटच्या खोलीत लेखकाला सावलीसुद्धा नकोय, सगळं पांढरं. अगदी शुभ्र फ्लॅट, म्हणजे नेपथ्यातल्या भिंतींच्या चौकटी, लावले तर भिंत झगमगते आणि चेहरे काळवंडतात. डिस्टेंपरमध्ये चिमूटभर पिवळी माती घालतो. दिव्यांत ते पांढरंच दिसतं. नट भिंतीपासून सहा फूट पुढे हवेत. तिथे दोन मुली लाल लोकर गुंडाळतात. बाजारात बहुधा गोळाच मिळतो, तेव्हा १०० ग्रॅमची लड खुर्चीच्या पाठीवर करून चार ठिकाणी सैल बांधून देतो. घट्ट बांधली तर संवाद संपतात आणि गुंता तसाच राहतो.

तिरडीबद्दल थोडक्यात. सात फुटी दोन बांबू, सात आडव्या काठ्या, सुतळी. ओला बांबू जड पडतो, फार वाळलेला तडकतो. खांद्यावरून न्यायची असेल तर आधी जिवंत माणूस झोपवून चार फेऱ्या मारून बघाव्यात. टेम्पोवाले बांधलेली तिरडी चढवू देत नाहीत, म्हणून ती सुटीच पाठवतो आणि भरत नाट्य मंदिर असो की बालगंधर्व, आमचा माणूस विंगेत बांधून देतो.

नोंदणी प्रयोगाच्या आठ दिवस आधी करावी. चादर परत देताना डाग थंड पाण्यात लगेच धुवावेत, गरम पाण्याने रंग पक्का बसतो. बसलाच, तर ती चादर तुमची.